लीव्ह म्हणजे रजाच ना?

घराला रंग द्यायचा, एवढंच ठरलं होतं. त्यापायी माझी नोकरी जाईल असं कुणी आधी सांगितलं असतं, तर पोपडे आलेल्या त्या भिंतींकडे मी आणखी दहा वर्षं प्रेमाने बघत बसलो असतो.

बायको तीन वर्षं मागे लागली होती. शेवटी रंगारी मिळाला. माणूस चांगला होता, पण त्याची एक अट होती. "आठ दिवस लागतील," तो म्हणाला, "आणि घरात कुणीतरी पाहिजे. मागच्या वेळी घरात कुणी नव्हतं, तर मी शेजारच्यांचं दार रंगवून आलो." बायको एका दवाखान्यात केसपेपर काढते. तिला रजा मिळणं शक्य नव्हतं. म्हणजे रजा मी घ्यायची.

मी वजनकाटे बनवणाऱ्या कंपनीत आहे. भाजीवाल्याचे काटे नव्हेत. सोनार आणि औषधं बनवणारे वापरतात ते, समोर कुणी शिंकलं तरी आकडा बदलतो असले नाजूक काटे. तयार झालेला प्रत्येक काटा माझ्या चाचणीच्या खोलीत येतो. दार लावायचं, पंखा बंद करायचा, मखमलीच्या पेटीतली पितळी वजनं चिमट्याने उचलायची आणि ताटलीच्या मध्यावर, मग चारही कोपऱ्यांवर ठेवून बघायची. हात लावायचा नाही, कारण बोटाच्या घामालाही वजन असतं. सगळीकडे आकडा सारखा आला की प्रमाणपत्रावर सही करायची. बावीस वर्षं मी हेच करतोय. त्यामुळे बोलतानाही मी मोजून मापून बोलतो असं माझं मत आहे. बायकोचं मत वेगळं आहे, पण ते इथे नको.

पूर्वी रजेचा अर्ज कागदावर असायचा. 'मला रजा मिळावी ही विनंती' असं लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवलं की झालं. हल्ली मुख्य कार्यालयाने सगळं कॉम्प्युटरवर नेलंय, आणि तेही इंग्रजीत. एक चौकट असते. त्या चौकटीत आपली विनंती लिहायची. अक्षरं ठरावीकच बसतात.

मी लिहिलं, 'आय वॉन्ट लीव्ह फ्रॉम मंडे फॉर एट डेज.'

हे वाक्य शंभर टक्के बरोबर होतं, हे मला आता माहीत आहे. तेव्हाच बटण दाबलं असतं तर सगळं सुरळीत पार पडलं असतं. पण त्याच वेळी वरच्या मजल्यावरचे मास्तर रंगाचे नमुने बघायला आले होते. चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. इमारतीतल्या कुणाचंही इंग्रजी त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही. त्यांनी माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे पाहिलं आणि चष्मा काढून पुसला. हे ते फार दुःख झालं की करतात.

"टू कुठाय?" ते म्हणाले.

"कोणता टू?"

"वॉन्टच्या पुढे टू लागतो. आय वॉन्ट टू ईट. आय वॉन्ट टू स्लीप. आय वॉन्ट टू लीव्ह. टू नसेल तर वाक्य लंगडतं."

मी टू घातला. चौकट लाल झाली. अक्षरं जास्त झाली होती.

"मग एट डेज काढा," मास्तर म्हणाले. "कधीपासून जाणार ते महत्त्वाचं. रजा संपली की माणूस परत येतोच. ते काय लिहून द्यायचं?"

मला ते पटलं. नेमक्या वेळी मला काय काय पटतं, याची एकदा यादी करायला हवी. मी वाक्य छाटलं आणि बटण दाबलं. स्क्रीनवर आलं, 'आर यू शुअर?' बावीस वर्षं एकाच जागी टिकून राहिलेल्या माणसाला हे विचारणं मला जरा अपमानाचंच वाटलं. मी ठासून 'येस' दाबलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. तुमची विनंती मान्य करण्यात येत आहे. बावीस वर्षांच्या निष्ठावान सेवेबद्दल कंपनी तुमची आभारी आहे. पुढील वाटचालीस मनःपूर्वक शुभेच्छा.

मी ते बायकोला दोनदा वाचून दाखवलं. "नवीन लोकांना नावं ठेवतो आपण," मी म्हटलं, "पण साधी आठ दिवसांची रजा देताना किती अदबीने देतात बघ."

"पुढील वाटचाल कसली?" बायकोने विचारलं.

"रंगकामाची," मी म्हटलं.

शनिवारी ऑफिसात सगळे माझ्याशी फार मायेने वागत होते. साहेब दौऱ्यावर होते, पण बाकीचे एकेक करून खोलीत येऊन गेले. पॅकिंग करून माल पाठवायचं काम बघणाऱ्या एक बाई आहेत. त्यांना सगळे डिस्पॅचबाई म्हणतात. त्या दारातच उभ्या राहिल्या.

"तुम्ही जाताय म्हणून कळलं," त्या म्हणाल्या.

"हो, सोमवारपासून."

"एकदम ठरवलंत?"

"एकदम कुठलं? तीन वर्षं घरात तोच विषय चाललाय."

"मग आता पुढे काय?"

"रंगकाम."

त्यांनी मला नीट न्याहाळलं. "स्वतः करणार?"

"छे हो. माणूस ठेवलाय. मी नुसती देखरेख करणार."

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "आपल्या मनासारखं काहीतरी करावं माणसाने." आणि त्यांचे डोळे भरून आले. घराला रंग देण्याने एखादी बाई एवढी हलून जाते हे बघून मलाही भरून आलं. दुपारी सगळ्यांनी मिळून मला भिंतीवरचं घड्याळ दिलं. चांगलं होतं, जड होतं. रंगवलेल्या भिंतीवर शोभेल असं कुणीतरी म्हणालं. भिंत रंगवतोय म्हणून ऑफिसातले लोक घड्याळ देतात का, हा प्रश्न मला पडायला हवा होता. नाही पडला. माणसं चांगली असतात यावर माझा विश्वास आहे, आणि या विश्वासाने माझं आजवर फार नुकसान केलंय.

सोमवारी काम सुरू झालं. हॉलच्या मध्यभागी कपाट, सोफा, जेवणाचं टेबल असं सगळं एकावर एक रचून त्यावर जुन्या चादरी टाकल्या. रंगारी शिडीवर, मी खाली. बुधवारी सकाळी बेल वाजली. दारात आमच्या ऑफिसचा शिपाई, हातात खोका. खोक्यात माझा चहाचा कप, खोलीत घालायच्या सपाता, पाठीशी घ्यायची उशी आणि चष्म्याचं जुनं घर.

"हे कशाला आणलंस?" मी विचारलं.

"तुमचं सामान आहे. आणि वजनांच्या कपाटाची किल्ली तुमच्याकडे राहिलीय, ती मागितलीय."

"अरे, मी पुढच्या मंगळवारी येतोच आहे की."

त्याने माझ्याकडे बघितलं. आमची ओळख पंधरा वर्षांची. त्याच्या चेहऱ्यावर खोचकपणा नव्हता, नुसतं कुतूहल होतं.

"कशाला?" त्याने विचारलं.

त्याने मग सगळं सांगितलं. नोटीसबोर्डावर कागद लागलाय. मी राजीनामा दिला. तो मंजूर झाला. मी रंगकामाचा धंदा काढलाय, आणि डिस्पॅचबाईंच्या भावाच्या घराचं काम मलाच देणार आहेत. मी खिडकीच्या कट्ट्यावर बसलो. कट्टा ओला होता. शिडीवरून रंगारी म्हणाला, "साहेब, पहिला हात झालाय तिथे," पण मला उठता येईना. 

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेलो. माझ्या कार्डाने फाटक उघडलं नाही. पाहुण्यांच्या वहीत नाव लिहावं लागलं. 'कामाचे स्वरूप' या रकान्यात काय लिहावं सुचेना, म्हणून 'वैयक्तिक' लिहिलं. मनुष्यबळ विभागातले गृहस्थ काचेच्या खोलीत बसतात. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. इतकी वर्षं त्यांनी मला पाणी दिलं नव्हतं. मी परका झालो याची मला तिथेच खात्री पटली.

"लीव्ह म्हणजे रजाच ना?" मी विचारलं.

"असते ना. ते नाम," ते म्हणाले. "तुम्ही क्रियापद लिहिलंत. टू लीव्ह. सोडून जाणे."

"शब्द तर एकच आहे."

"शब्द एकच. अर्थ दोन."

"मग एकदा विचारायचं होतंत."

"विचारलं होतं. आर यू शुअर, असं विचारलं होतं. तुम्ही येस म्हणालात. फार कमी लोक पहिल्या झटक्यात येस म्हणतात."

मी म्हटलं, झाली चूक, मागे घेतो. त्यांनी मान हलवली. राजीनामा मागे घ्यायचा फॉर्म आहे, पण तो कर्मचाऱ्याच्या खात्यात शिरून भरावा लागतो. माझं खातं बंद झालेलं. खातं उघडायचं तर कर्मचारी असायला हवं. त्यांनी हे सगळं इतक्या हळुवारपणे समजावलं, की मी "हो, बरोबर आहे" म्हणून गेलो.

जाता जाता चाचणीच्या खोलीत डोकावलो. माझ्या खुर्चीत डिस्पॅचबाई बसल्या होत्या. दार लावलेलं, पंखा बंद, चिमटा अगदी हवा तसा धरलेला. मी त्यांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी चिमटा खाली ठेवला.

"एक विचारू?" मी म्हटलं. "एकाला तरी वाटलं नाही का, याला थांबवावं? निदान का जातोस म्हणून विचारावं?"

"वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही इतके खूश दिसत होता. खूश माणसाला कोण अडवणार?"

 आठ दिवस ऑफिसला जायचं नाही म्हणून मी खूश होतो, हे त्यांना सांगणं बरं दिसलं नसतं.

संध्याकाळी मास्तर खाली आले. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. चूक कबूल करतील असं वाटलं होतं, पण त्यांनी टू निर्दोष असल्याचं आधीच जाहीर केलं.

"इंग्रजी शब्दाचं असंच असतं," ते म्हणाले. "वॉटर म्हणजे पाणी, आणि वॉटर म्हणजे पाणी घालणे. पेंट म्हणजे रंग, पेंट म्हणजे रंगवणे. शब्द तोच."

"आपल्यात रंग आणि रंगवणं वेगळं कळतं," मी म्हटलं. "आपलं क्रियापद येताना निदान खाकरतं तरी."

"म्हणून तर तिथे जपून लिहावं लागतं. चला, मी लिहून देतो."

बुडणाऱ्या माणसाने काय करावं? मी बसलो. माझं म्हणणं लक्षात घ्यावं, अशा अर्थाचं पत्र मास्तरांनी लिहिलं. सुरुवातच होती, 'प्लीज टेक नोटीस.' दुसऱ्या दिवशी उत्तर हजर. आपली नोटीस मिळाली. वास्तविक नोटिशीची मुदत एक महिना असते, पण आपली दीर्घ सेवा पाहता ती माफ करण्यात येत आहे.

मग मी रागाने, कुणाचीही मदत न घेता, एकट्याने पत्र लिहिलं. विषयाच्या जागी एकच शब्द घातला, 'ऑब्जेक्ट'. म्हणजे माझी हरकत आहे. ते पत्र कोण जाणे कसं, सामानाच्या कोठारात जाऊन पोचलं. कोठाराचे प्रमुख लिहितात, आपण कोणत्या वस्तूबद्दल लिहीत आहात? वस्तू कंपनीची असल्यास कृपया वर्णन कळवावे.

बायको इतके दिवस फारसं बोलली नव्हती. त्या दुपारी ती दवाखान्यातून आली, चादरीखालच्या सामानातून एक खुर्ची ओढून काढली आणि माझ्यासमोर बसली.

"दवाखान्यात सगळे मला विचारतात, यांनी नोकरी का सोडली," ती म्हणाली. "मी सांगते, इंग्रजीमुळे. कुणाला खरं वाटत नाही. त्यांना वाटतं, मी काहीतरी लपवतेय."

"मी काय करू?"

"आता पत्र लिहू नका. एवढंच करा." मग शिडीकडे बघून म्हणाली, "आणि याला सांगा, बाल्कनी रंगवायची नाही." तिचा आवाज नेहमीसारखाच होता, पण खुर्चीचा हात तिने इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती. तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. तोवर माझा नुसता अपमान झाला होता.

सोमवारी फोनवर निरोप आला. कंपनीकडून, तीनच शब्द. 'प्लीज रिटर्न इमिजिएटली.'

मी मास्तरांकडे गेलो नाही. तेच आले. त्यांनी फोन हातात घेऊन बराच विचार केला. "रिटर्न म्हणजे परत येणे. रिटर्न म्हणजे परत करणेही," ते म्हणाले. "कर्म दिलेलं नाही. आधीचं पत्र कशाबद्दल होतं?"

"वस्तूबद्दल."

 किल्ली तर शिपाई घेऊन गेला होता. कप, सपाता, उशी माझीच. कंपनीतून माझ्या घरात आलेली वस्तू एकच होती. ती कागदात गुंडाळून सोफ्यावर ठेवली होती, भिंत वाळायची वाट बघत.

"घड्याळ परत मागतात?" मी म्हटलं.  नोकरी गेली ते समजू शकत होतो, त्यात थोडी चूक माझीही होती. पण प्रेमाने दिलेली भेट मागून घ्यायची, तीही तातडीने? मी ते घड्याळ नीट बांधलं, कंपनीच्या फाटकावर नेऊन दिलं आणि पोच घेतली. वर चिठ्ठी लावली. यावेळी मराठीत. 'मागितल्याप्रमाणे परत करीत आहे. आता माझ्याकडे आपले काही नाही.'

मंगळवारी सकाळी साहेब आमच्या दारात उभे होते. दौऱ्याहून परतलेले, कपाळाला घाम, काखेत घड्याळ. आमच्याकडे बसायला रंगाची बादली उपडी करून दिली. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत.

"तुम्ही फार कडक निघालात," ते म्हणाले. "मुख्य कार्यालयात खळबळ उडालीय. आम्ही परत या म्हणतो, तर तुम्ही घड्याळ तोंडावर फेकता आणि वर चिठ्ठी."

माझं तोंड उघडंच राहिलं. ते उघडं राहिल्यामुळे मला काही बोलता आलं नाही, आणि साहेबांना वाटलं मी मुद्दाम गप्प आहे. ते आणखी बोलत गेले. प्रमाणपत्रावरची सही सरकारी निरीक्षण कार्यालयात नोंदवलेली असावी लागते. अख्ख्या कंपनीत अशी सही एकच, माझी. बावीस वर्षांपूर्वीच्या साहेबांनी ती नोंदवली आणि नंतर सगळेच विसरले. मीसुद्धा. एवढ्या वेळा केलेली सही माणसाच्या लक्षात राहत नाही. गेल्या बुधवारपासून एकही काटा फाटकाबाहेर पडलेला नाही. पॅक केलेले खोके जिन्यापर्यंत आले आहेत.

"तुम्हाला काय हवंय ते सांगा," साहेब म्हणाले. "पण तोंडी सांगा. लिहू नका."

स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती. शिडीवर रंगाऱ्याचा ब्रश थांबला होता. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला विचारत होतं. मागण्यासारखं खूप काही होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर त्या बाईंच्या हातातला चिमटा आला. आणि एकदम लक्षात आलं, की या बावीस वर्षांत मी सलग दोन दिवसांपेक्षा जास्त रजा कधीच घेतली नव्हती. मागितली की कुणीतरी म्हणायचं, तुमच्याशिवाय अडतं. मी ते कौतुक समजत आलो होतो.

"डिस्पॅचबाईंची सही नोंदवा," मी म्हटलं. "माझ्याबरोबर. त्यांना काम येतं. मी बघितलंय."

"एवढंच?"

"आणि माझी बावीस वर्षं तशीच धरा. नवीन माणूस म्हणून घेऊ नका."

साहेब बादलीवरून उठले. त्यांच्या पँटवर मागे गोल ठसा उमटला होता. आम्हा तिघांनाही तो दिसला. घड्याळ त्यांनी जाताना बायकोच्या हातात दिलं.

दार लागल्यावर बायको म्हणाली, "अहो, दोन सह्या झाल्या की त्यांचं तुमच्यावाचून अडणार नाही. लक्षात आलं का?"

खरं सांगायचं तर नव्हतं आलं. मी मटकन खाली बसलो, सुदैवाने कोरड्या जागी.  ती चिडेल असं वाटलं. पण ती रंगाऱ्याकडे वळली आणि म्हणाली, "बाल्कनीसुद्धा करून टाका."

मी बुधवारी कामावर गेलो. माझा नऊ दिवसांचा हिशेब मनुष्यबळवाल्यांना अजून लागलेला नाही, कारण मी नोकरीत नव्हतो, म्हणून ती रजा धरता येत नाही, आणि नोकरी तुटली नाही असं ठरल्यामुळे ती गैरहजेरी होते. त्यांनी एक फॉर्म पाठवलाय. मी तो उघडलेला नाही.

सही नोंदवायला तीन आठवडे लागले. ज्या दिवशी मंजुरी आली त्या दिवशी डिस्पॅचबाई माझ्या खोलीत आल्या, दार लावलं, पंखा बंद केला आणि एक काटा स्वतः तपासला. चारही कोपऱ्यांवर आकडा सारखा आला. त्यांनी प्रमाणपत्रावर सही केली, फार हळू, शाळेत करतात तशी. मग कागदाकडे बघतच म्हणाल्या, "माझ्या आईचं ऑपरेशन आहे. गेलं वर्षभर ढकलत होते. आता पुढच्या महिन्यात दहा दिवस मागेन म्हणते. तुम्ही असाल ना इथे?"

"आहे," मी म्हटलं. "जाऊन या."